रेघ आधी, अक्षरं नंतर

संध्याकाळी सात वाजता आमच्या देवघराशेजारच्या फळीवर एक उजेड होतो. तो समईचा नव्हे. समई मी सहालाच लावतो आणि सातपर्यंत तिची ज्योत पिवळी, निश्चल, झोपेला आल्यासारखी झालेली असते. हा उजेड निळसर आणि थंड असतो, विहिरीच्या तळाशी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यासारखा. फोन किंचित थरथरतो, त्याला टेकून ठेवलेली कुंकवाची कोयरी बारीक किणकिणते आणि काचेवर अक्षरं उमटतात : ‘आजचा दिवस कसा गेला? दोन ओळी लिहा.’ मिनिटभर तो प्रश्न तिथे उभा राहतो. मग काच काळी होते आणि खोलीत फक्त तेलाचा आणि सुकलेल्या झेंडूचा वास उरतो.

फोन शैलाचा आहे. शैला, माझी पत्नी, गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली. तिच्या साड्या मंदारने, आमच्या मुलाने, वाटून टाकल्या, तिचा चष्मा कुठल्याशा संस्थेला दिला, तिच्या औषधांच्या पेट्या मी स्वतः जाऊन परत केल्या. पण फोन मी रोज सकाळी न चुकता चार्जिंगला लावतो. घरात कुणीतरी प्रश्न विचारणारं असावं म्हणून, की एखाद्या संध्याकाळी त्याला उत्तर मिळेल म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं आणि आयुष्यभर वहीत लिहीत आलो. मेन रोडवरच्या एका जुन्या दुकानातून दर वर्षाच्या अखेरीस कापडी बांधणीची एक जाड वही आणायची, तिच्या पुठ्ठ्याला येणारा खळीचा वास दोन दिवस घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी लिहायला सुरुवात करायची, हा माझा खरा नववर्षाचा सण. अशा बत्तीस वह्या कपाटात वर्षांच्या क्रमाने उभ्या आहेत. शैलाचं तसं नव्हतं. ती ओझरच्या कारखान्यात, आरेखन विभागात होती. संगणक येण्याआधी तिथली नकाशांवरची अक्षरं हाताने काढली जात आणि ती काढणाऱ्यांत तिचा हात पहिला. त्या कामाने तिला एक सवय कायमची लावली होती. देवनागरी लिहायचं झालं की ती आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ एका दमात ओढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षर तिच्याखाली टांगत जायची. वाण्याची यादीसुद्धा अशीच. मी विचारायचो, शब्द किती लांब होणार हे आधी कसं कळतं? ती म्हणायची, “कळायला कशाला हवं? रेघ आधी. अक्षरं आपोआप जागा करून घेतात.”

पुढे कारखान्यात संगणक आले आणि अक्षरांच्या या कारागिरीला कुणी विचारेनासं झालं. मला वाटलं होतं, ती हळहळेल. पण नवी वस्तू शिकणाऱ्या मुलीच्या उत्साहाने ती त्या यंत्रापुढे जाऊन बसली. निवृत्तीनंतर मंदारने तिच्या फोनवर रोजनिशीचं ॲप टाकून दिलं तेव्हाही तसंच. जेवण झालं की मी टेबलाच्या या टोकाला वही उघडायचो आणि ती त्या टोकाला अंगठ्याने टकटक करायची.

“तुमच्या वह्यांना एक दिवस वाळवी लागणार. माझ्या रोजनिशीला लागून दाखव म्हणावं.”

“वाळवीला निदान चव तरी कळते,” मी म्हणायचो. “तुझ्या त्या काचेला काय कळतं?”

“तापमान कळतं. आज सव्वीस आहे. तुमच्या वहीत लिहिलंय का सव्वीस?”

नसायचं लिहिलेलं. माझ्या वहीत गारवा असायचा, द्राक्षबागांवरून येणारं धुकं असायचं, पण सव्वीस नसायचं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझी वही टेबलावर उघडी पडलेली असे आणि शैला ती वाचत असे. यात चोरी काही नव्हती. वाचून झालं की ती समासात पेन्सिलीने दुरुस्त्या करायची. ‘आमटी अळणी नव्हती. तुम्हाला सर्दी होती.’ ‘मंदार तेव्हा तिसरीत होता, दुसरीत नाही.’ प्रत्येक दुरुस्तीला आधी रेघ, मग अक्षरं. मी रागावल्याचं दाखवायचो आणि मनातून त्या समासाची वाट बघायचो.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिची तपासणी झाली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आजार यकृतात खोलवर पसरलेला होता, शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती, हाताशी महिने होते, वर्षं नव्हती. मी बाहेर आलो. ती बाकावर बसून समोरच्या बाईला मेथीचे लाडू कसे करायचे ते सांगत होती. त्या क्षणी मी जे ठरवलं ते माझ्या वडिलांनी आजीच्या बाबतीत ठरवलं होतं, शेजाऱ्यांनी त्यांच्या भावाच्या बाबतीत ठरवलं होतं. आमच्याकडे या गोष्टीला निर्णय असंसुद्धा कुणी म्हणत नाही. पेशंटला सांगायचं नाही. एवढंच. “यकृताला सूज आहे,” मी तिला म्हणालो. “गोळ्यांनी उतरेल.” ती म्हणाली, “बरं झालं बाई, ऑपरेशन नाही ते,” आणि त्या बाईला उरलेली कृती सांगू लागली.

घरी आल्यावर माझ्यापुढे प्रश्न पडला तो वहीचा. वही उघडी ठेवली तर खरं लिहिता येत नव्हतं आणि मिटून ठेवली तर मिटलेली वहीच सगळं सांगून टाकणार होती. म्हणून मी बत्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. वहीत खोटं लिहू लागलो. ‘आज शैलाचा चेहरा टवटवीत वाटला. डॉक्टर समाधानी आहेत.’ ‘भूक वाढते आहे. दिवाळीत मंदारकडे बंगळूरला जाण्याचा बेत.’ सहा महिने मी अशा नोंदी केल्या, तिने वाचाव्यात म्हणून, आणि इतक्या निगुतीने की कधीकधी लिहिता लिहिता माझाच त्यांच्यावर विश्वास बसत असे. ती वाचत होती, हे मला वहीच्या सरकलेल्या जागेवरून कळायचं. खरा रिपोर्ट मी कपाटात एका जुन्या वहीच्या पानांत दडवला होता. कधीच वाचून झालेली वही पुन्हा कोण उघडतं?

तिच्या जाण्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दहाव्याचे विधी मंदारने फोनवरून एक गुरुजी ठरवून उरकले. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, ऊन होतं, पाणी गढूळ आणि वेगाचं होतं, एवढंच लक्षात आहे. मात्र त्यानंतर मला एका शंकेने पछाडलं आणि ती शंका संध्याकाळी सातला, त्या निळ्या उजेडाबरोबर, नेमकी यायची. शैलाला कळलं होतं का? कळलं नसेल, तर तिला निरोप घेण्याची संधी मी नाकारली. कळलं असेल, तर माझं खोटं रोज वाचत, एकटीने, तिने ते सहा महिने काढले. दोन्हींतलं कुठलं अधिक सोसवेल, तेही मला ठरवता येत नव्हतं. तिच्या फोनचे चार आकडे मला ठाऊक होते, तिनेच सांगितले होते. पण ते ॲप उघडायला बोट धजत नव्हतं.

या दिवाळीत मंदार आला. फळीवरचा फोन त्याने उचलून उलटा करून पाहिला.

“बाबा, हा फोन फार दिवस टिकायचा नाही. बॅटरी फुगलीय. आईचं लिहिलेलं सगळं मी काढून घेतो.”

“काढून म्हणजे?”

“म्हणजे छापून देतो हो. तुम्हाला कागदच लागतो ना?”

दुसऱ्या दिवशी त्याने झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बांधणीचा गठ्ठा आणला आणि माझ्या हाती ठेवून, “मी नाही वाचलेलं,” एवढंच म्हणाला. तो गेल्यानंतर दोन आठवडे गठ्ठा तसाच होता. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पेरूवाल्याच्या गाडीचा गोड, ओलसर वास खिडकीतून आत येत असताना मी तो उघडला.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर यंत्राने आपणहून टिपलेलं होतं : तारीख, वेळ, ठिकाण, तापमान. खाली शैलाच्या दोन-तीन ओळी. मी फेब्रुवारीनंतरची पानं आधी काढली. ‘तुळशीला मंजिऱ्या आल्या.’ ‘कामवाल्या मावशींच्या मुलीला नोकरी लागली, पेढे.’ ‘हे आज चहात साखर घालायला विसरले.’ दुखण्याविषयी एक अक्षर नाही, भीतीविषयी नाही. सगळी अक्षरं एकाच मापाची, काळी, गुळगुळीत. माझ्या वहीत खोटं लिहितानाही कुठे पेन अडखळल्याचा डाग आहे, कुठे खोडलेला शब्द आहे. इथे तिने काय लिहून पुसलं असेल, किती वेळा पुसलं असेल, याची कुठलीही खूण नव्हती. ग्रंथालयात मी पानांवरचे बोटांचे ठसे पाहून पुस्तक कुठवर वाचलं गेलं ते सांगू शकत असे. या पानांवर बोट कुणाचंच नव्हतं.

मग ते पान आलं. मार्च महिन्यातला एक मंगळवार. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. पंचवटी. चौतीस अंश, निरभ्र. आणि खाली काहीच नाही. तिने ॲप उघडलं होतं, नोंद सुरू केली होती आणि रिकामी ठेवून मिटली होती.

मी माझी वही काढली. त्या मंगळवारी माझ्या अक्षरात होतं : ‘शैला दुपारी मैत्रिणीकडे पापड लाटायला गेली. नुसती बसून राहीन म्हणाली. परतल्यावर प्रसन्न दिसली.’ ती मैत्रीण नाशिकरोडला राहते. पंचवटी तिच्या वाटेवर नाही.

पंचवटीत शैलाचं कोण होतं, या विचारात मी दोन दिवस काढले, आणि मग एकाएकी मला लाल कापडात बांधलेली एक वही आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा आम्ही पंचवटीत, निफाडकडच्या आमच्या गावाच्या नोंदी ठेवणाऱ्या उपाध्यांकडे गेलो होतो. गंगेवर विधीसाठी येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ही उपाध्ये मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आली आहेत. कोण गेलं, कोण आलं, मुलं किती, सुना कोण, आणि खाली आलेल्याच्या हातची सही. तेव्हा मी वडिलांचं नाव लिहिलं आणि माझ्या खांद्यावरून पाहत शैला हळूच म्हणाली होती, “मुंग्यांची रांग. शंभर वर्षांनी वाचायची आहे ती लोकांनी.” मंदारने ठरवलेले गुरुजी दुसरे होते. या वहीकडे आम्ही पंचवीस वर्षांत फिरकलो नव्हतो.

रिक्षा घाटाच्या अलीकडेच थांबली. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता खणलेला होता, ओल्या मातीचा आणि झेंडूच्या निर्माल्याचा वास एकमेकांत मिसळला होता, हिवाळ्याच्या उन्हात ओली धोतरं कठड्यावर वाळत होती. उपाध्यांचं घर आता एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. थोरले गुरुजी राहिले नाहीत. त्यांचा मुलगा, चाळिशीचा, अंगात स्वेटर, पाटापाशी बसला होता. पलीकडे त्याची बायको टेबलावर एक वही उलगडून तिची पानं फोनने टिपत होती.

“सगळ्या वह्या संगणकात चाललेल्या आहेत काका,” तो हसत म्हणाला. “पण त्याला पिंपळगाव विचारलं की तो आठ पिंपळगावं दाखवतो. आमचे बाबा नुसतं नाक बघून पान काढायचे.”

“संगणकाला नाक दाखवा मग,” त्याची बायको मान वर न करता म्हणाली.

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग बायकोकडे. तिने फोन खाली ठेवला.

“तुम्ही शैलाताईंचे…” तो म्हणाला. “अरेरे. म्हणजे ताई…”

मी मान हलवली.

“पावणेदोन वर्षं झाली. दर अमावास्येला मनात यायचं, अजून आले नाहीत. म्हणायचो, बरं झालं. आले नाहीत म्हणजे ताई बऱ्या असणार.”

इतके महिने या शहरात, नदीच्या पलीकडच्या काठावर, कुणीतरी माझ्या न येण्यावरून शैला जिवंत आहे असं समजत होतं. मी तिथे पाऊल ठेवलं आणि ती त्या घरातही गेली. मी पाटावर बसलो.

त्याने लोखंडी कपाटातून लाल कापडातली लांबट, अरुंद वही काढली, दोरी सोडली. कापराचा आणि कडुनिंबाच्या सुक्या पाल्याचा कडवट वास आला. पानं उलटता उलटता तो सांगत होता, “एकट्याच आल्या होत्या, दुपारच्या. म्हणाल्या, पान दाखवा. दाखवलं. म्हणाल्या, मला लिहायचंय. मी म्हटलं, ताई, इथे नुसती नावंगावं लिहितात. तर म्हणाल्या, आधी माझं अक्षर बघा, मग ठरवा.” तो किंचित हसला. “बघितलं. मग काय बोलणार? जाताना बजावलं, त्यांना बोलावू नका, आपण होऊन आले तरच दाखवा. नंतर बराच वेळ खाली घाटाच्या पायरीवर बसून होत्या, फोन हातात धरून.”

माझ्या मुंग्यांच्या रांगेखाली, पिवळ्या कागदावर, पट्टीशिवाय, आधाराशिवाय ओढलेल्या पाच रेघा होत्या आणि त्यांच्याखाली ती उभी, नितळ अक्षरं :

‘मी या घरची सून शैला. आज एकटी आले. डॉक्टरांचा कागद आमच्या लग्नाच्या वर्षीच्या वहीत सापडला. यांना सांगू नये. मला कळू नये म्हणून ते फार कष्ट घेत आहेत. पुढची ओळ त्यांनी लिहावी.’

आणि सहावी रेघ. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, आणि तिच्याखाली काहीही नव्हतं.

मी आयुष्यभर पुस्तकं शोधून देणारा माणूस. आपल्याला काय झालंय याची कुणकुण लागलेली बाई कुठली वही मागेल, हे मला कळायला हवं होतं. बत्तीस वह्यांतली तीच एक मी निवडली होती. आणि आता आणखी एक गोष्ट हळूहळू, पाणी चढावं तशी, माझ्यापर्यंत येत होती. फेब्रुवारीतल्या पहिल्या काही दिवसांनंतर मागच्या वर्षीच्या वहीच्या समासात कुठेही पेन्सिलीची खूण नव्हती. तिला थकवा आला असेल, असं मी समजलो होतो. आमटीच्या मिठापुरतीसुद्धा चूक खपवून न घेणाऱ्या तिने माझ्या सहा महिन्यांतल्या एकाही वाक्याला हात लावला नव्हता.

उपाध्याने पेन पुढे केलं. मी रेघेखाली तिचं नाव लिहिलं. शक्य तितकं मोठं अक्षर काढलं, तरी ते मुंग्यांकडेच झुकलं. तिथी लिहिली. नाव आणि तिथी मिळून रेघेचा जेमतेम तिसरा भाग भरला. उरलेली रेघ रिकामीच होती.

“राहू द्या काका,” तो म्हणाला. “आम्ही तिथे दुसरं काही लिहीत नाही. परत याल तेव्हा लिहा.” त्याच्या बायकोने पानाचा फोटो घ्यावा का, असं नजरेनेच विचारलं. मी नको म्हणालो. मग हो म्हणालो.

परतताना घाटाच्या पायऱ्यांवर थोडा थांबलो. तीन वाजले असावेत. या दगडांवर बसून तिने फोन उघडला असेल, त्याने तिला वेळ सांगितली, ठिकाण सांगितलं, चौतीस अंश सांगितले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. जे एकदा हाताने लिहून झालं होतं ते पुन्हा अंगठ्याने लिहावंसं तिला वाटलं नसेल. किंवा ती रिकामी नोंदही एक रेघच असेल. हे मला आता कोण सांगणार?

त्या संध्याकाळी मी मागच्या वर्षीची वही टेबलावर उघडी ठेवली, शैलाच्या टोकाला. मार्चमधला मंगळवार काढला. ‘परतल्यावर प्रसन्न दिसली.’ पेन्सिलीला टोक केलं आणि समासात, तिच्यासारखीच, आधी रेघ ओढली. ती सरळ आली नाही. मध्यावर थोडी खाली गेली, मग वर सावरली. फळीवर सातचा उजेड झाला, कोयरी किणकिणली. प्रश्न उमटला. मी पेन्सिल हातात धरून त्या वाकड्या रेघेखाली पहिलं अक्षर कोणतं टांगावं याचा विचार करत राहिलो, आणि मिनिटभराने काच काळी झाली तरी मान वर केली नाही.